एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट: एक दिसते तेव्हा दुसरे दिसत नाही

हरिपूर_संगम (सांगली)

नमस्कार. आमच्या घरी बेदाण्याची अडत आहे आणि तिचा सगळा हिशेब मी एका लॅपटॉपवर ठेवते. लॅपटॉप २०१७ मध्ये घेतलेला असून त्यात २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क अशा दोन डिस्क आहेत. विंडोज १० एसएसडीवर आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), सौद्यांच्या नोंदी आणि कोल्ड स्टोअरेजच्या पावत्या हार्ड डिस्कवरील 'डी' ड्राइव्हमध्ये आहेत.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि या लॅपटॉपचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. हिशेबाचा प्रोग्राम मात्र विंडोजवरच चालतो. म्हणून आम्ही असे ठरवले की विंडोज इंटरनेटशिवाय केवळ हिशेबासाठी ठेवायचे आणि बँक, ईमेल, जीएसटीचे पोर्टल ही कामे लिनक्स मिंट या मोफत प्रणालीवर करायची. माझा धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने डी ड्राइव्ह १०० जीबीने लहान करून त्या मोकळ्या जागेत मिंट २२ बसवले. पेनड्राइव्ह त्याने रूफस वापरून तयार केला होता. बसवताना 'विंडोजच्या शेजारी बसवा' असा पर्याय त्याला दिसलाच नाही, त्यामुळे त्याने पार्टिशन (डिस्कचे भाग) हाताने निवडली आणि बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कुठे ठेवायचा या प्रश्नाला हार्ड डिस्क असे उत्तर दिले.

आता स्थिती अशी आहे. लॅपटॉपच्या सेटअपमध्ये सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत. नवी 'यूईएफआय' ठेवली तर थेट विंडोज सुरू होते आणि मिंटचे नावही कुठे येत नाही. जुनी 'लेगसी' ठेवली तर मिंटच्या बूटलोडरची, म्हणजे ग्रबची, यादी येते, मिंट व्यवस्थित चालते, पण त्या यादीत विंडोज नसते. दर वेळी सेटअपमध्ये शिरून ही निवड बदलावी लागते, आणि वडिलांना ते जमत नाही. भावाने 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा अनेकदा चालवून पाहिली, पण विंडोज यादीत आले नाही. इंटरनेटवर सापडलेल्या आणखी काही आज्ञा तो चालवणार होता. हिशेब त्याच डिस्कवर असल्यामुळे मी त्याला थांबवले.

विंडोजचा बूटलोडर बिघडला आहे का, मिंट काढून पुन्हा बसवावे लागेल का, आणि दुरुस्ती करताना डी ड्राइव्हला धोका आहे का, हे कृपया सांगावे.

मिरज_जंक्शन (मिरज)

मला २०१२ साली अशीच अडचण आली होती. विंडोजच्या डिस्कवरून संगणक सुरू करून कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बूटरेक' ची 'फिक्स-एमबीआर' आणि 'फिक्स-बूट' ही दोन कामे करून घेतली आणि विंडोज परत आले. त्यानंतर लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून ग्रब पुन्हा बसवला की दोन्ही दिसू लागली. आपणही तसे करून पाहावे.

कोयनाकाठ (कराड)

ताई, भावाला थांबवलेत ते योग्य केलेत. आपल्या मजकुरातच रोगाचे निदान आहे. बूटलोडर बिघडला असता तर दोहोंपैकी एक प्रणाली कोणत्याही निवडीत सुरू झाली नसती. इथे यूईएफआयमध्ये विंडोज नीट चालते आणि लेगसीमध्ये मिंट नीट चालते. म्हणजे काहीच बिघडलेले नाही. दोन प्रणाली दोन वेगळ्या पद्धतींनी बसवल्या गेल्या आहेत.

जुन्या लेगसी पद्धतीत फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील ५१२ बाइट वाचते. त्यातील ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ खुणेसाठी असतात. ग्रबचा पहिला तुकडा त्या ४४६ बाइटमध्ये बसतो आणि पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत राहतो. यूईएफआय पद्धतीत फर्मवेअर ह्या सेक्टरमधील कोड वापरतच नाही. डिस्कवर फॅट३२ स्वरूपाचे एक लहान ईएफआय पार्टिशन असते, त्यात प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर साध्या फाइलच्या रूपात ठेवलेला असतो आणि कोणती फाइल कोणत्या क्रमाने उघडायची याची यादी मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत असते.

अडचण अशी की ही निवड संगणक सुरू होताना एकदाच होते. लेगसी पद्धतीने सुरू झालेल्या ग्रबला विंडोजची ईएफआय फाइल चालवता येत नाही, कारण त्या फाइलला लागणाऱ्या यूईएफआयच्या सेवा त्या वेळी उपलब्धच नसतात. मिरज स्थानकात एकेकाळी ब्रॉडगेज आणि नॅरोगेज असे दोन्ही रूळ होते; एका रुळावरून सुटलेली गाडी वाटेत दुसऱ्यावर चढू शकत नव्हती, तसेच हे आहे. 'अपडेट-ग्रब' कितीदाही चालवले तरी उपयोग का झाला नाही याचे कारणही हेच आहे: इतर प्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' लेगसी पद्धतीत चालत असेल, तर तो ईएफआयमधील विंडोजची नोंद घेतच नाही. बसवताना 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय दिसला नाही, तो त्याचाच पहिला इशारा होता.

मिरजच्या मित्रांनी सुचवलेला उपाय २०१२ च्या संगणकासाठी बरोबर होता, कारण तेव्हा दोन्ही प्रणाली बहुधा लेगसीच असत. 'फिक्स-एमबीआर' पहिल्या सेक्टरमधील कोड नव्याने लिहितो. यूईएफआयने सुरू होणाऱ्या विंडोजला त्या कोडचा काहीही उपयोग नाही. उलट तो चुकून हार्ड डिस्कवर लिहिला गेला, तर आज चालत असलेले मिंटही सुरू होणार नाही. यूईएफआयमधील विंडोजचा बूटलोडर खरोखरच नाहीसा झाला असेल तर 'बीसीडीबूट' ही आज्ञा ईएफआय पार्टिशनमध्ये त्याच्या फाइली पुन्हा ठेवते. आपल्याला त्याचीही गरज नाही.

पुढे जाण्यापूर्वी चार गोष्टी पाहून इथे कळवाव्यात. विंडोजमध्ये 'एमएस-इन्फो-३२' उघडून 'बायोस मोड' समोर काय लिहिले आहे ते पाहावे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक डिस्कच्या गुणधर्मांत पार्टिशनची शैली जीपीटी (नवा तक्ता) आहे की एमबीआर (जुना तक्ता) ते पाहावे. मिंट चालू असताना 'सिस' मधील 'फर्मवेअर' या फोल्डरमध्ये 'ईएफआय' नावाचे फोल्डर आहे का ते तपासावे. नसेल तर मिंट लेगसी पद्धतीने चालू आहे, यात शंका नाही. आणि तोच पेनड्राइव्ह लावून लॅपटॉपची बूट यादी उघडावी व त्यात पेनड्राइव्हचे नाव किती वेळा येते ते सांगावे.

मेणवली (वाई)

कोयनाकाठ यांचे निदान मला पटते. दुरुस्तीपूर्वी दोन खबरदारीच्या गोष्टी सांगतो, कारण इथे प्रश्न शेतकऱ्यांच्या पैशांच्या हिशेबाचा आहे.

पहिली म्हणजे डी ड्राइव्हची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क लॅपटॉपपासून काढून बाजूला ठेवावी. दुरुस्तीच्या वेळी ती जोडलेली नसावी. पार्टिशनची नावे एकमेकांसारखी दिसतात आणि घाईत चुकीच्या डिस्कवर हात पडतो. प्रत घेतल्यावर त्यातील दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट कूटबद्धतेची. काही लॅपटॉपवर मालकाच्या नकळत विंडोजचे बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू झालेले असते. ते चालू असताना सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचे बूटलोडर चालू देणारी सोय) किंवा बूटचा क्रम बदलला, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती हाताशी नसेल तर स्वतःचीच माहिती उघडता येत नाही. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई' या आज्ञेने स्थिती पाहावी. चालू असल्यास ती की प्रथम कागदावर उतरवून घ्यावी, संरक्षण तात्पुरते थांबवावे आणि मगच सेटअपला हात लावावा.

हरिपूर_संगम (सांगली)

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. विंडोजमध्ये बायोस मोडसमोर यूईएफआय असे आहे. एसएसडी जीपीटी आहे, हार्ड डिस्क एमबीआर आहे. मिंटमध्ये 'ईएफआय' फोल्डर नाही. बूट यादीत पेनड्राइव्ह दोनदा येतो: एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाच्या आधी यूईएफआय लिहून. भावाने आधी सेटअपमध्ये लेगसी चालू करून सिक्युअर बूट बंद केले होते आणि यादीतील वरचे, म्हणजे नुसते नाव निवडले होते. त्याला आपली चूक आता समजली आहे.

बिटलॉकर बंद आहे. डी ड्राइव्हची प्रत घेतली आहे. २०१९ च्या महापुरात दुकानातल्या तळमजल्यावरच्या वह्या भिजल्यापासून आम्ही हिशेबाची एक प्रत नेहमी वरच्या मजल्यावर ठेवतो. ही डिस्कही तिथेच ठेवली आहे.

एक शंका आहे. भावाच्या मते हार्ड डिस्क एमबीआरऐवजी जीपीटी केल्याशिवाय मिंट यूईएफआयमध्ये चालणार नाही. तसे करावे लागेल का?

कोयनाकाठ (कराड)

नाही, हार्ड डिस्कचा तक्ता बदलण्याची गरज नाही आणि हिशेब त्याच डिस्कवर असताना मी तसे करूही देणार नाही. त्यासाठी विंडोजमध्ये 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन आहे, परंतु ते विंडोज ज्या डिस्कवरून सुरू होते त्या डिस्कसाठी आहे आणि डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते काम नाकारते. आपल्या बाबतीत फक्त मिंटच्या बूटलोडरची जागा बदलायची आहे. यूईएफआयचा ग्रब एसएसडीवरील ईएफआय पार्टिशनमध्ये बसेल आणि तिथून हार्ड डिस्कवरचे मिंट उघडेल. एमबीआर तक्त्यावरील पार्टिशन त्याला वाचता येते. मिंटमधील फाइली, प्रोग्राम, सेटिंग सर्व आहे तसे राहील.

आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करावीत. चार्जर लावून ठेवावा आणि इंटरनेट जोडलेले असावे.

सेटअपमध्ये लेगसी किंवा सीएसएम (लेगसी पद्धत चालू देणारी सोय) बंद करून यूईएफआय ठेवावे. मग बूट यादीतून पेनड्राइव्हचे ते नाव निवडावे ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलेले आहे. लाइव्ह मिंट (पेनड्राइव्हवरूनच चालणारे) उघडल्यावर सर्वप्रथम 'सिस' मधील 'फर्मवेअर' मध्ये 'ईएफआय' फोल्डर आले आहे का ते पाहावे. नसेल तर तिथेच थांबून पेनड्राइव्ह पुन्हा योग्य नावाने सुरू करावा. या टप्प्यावर पुढे रेटले की आधीची चूक दुसऱ्यांदा होते.

नंतर 'एलएसबीएलके' ही आज्ञा 'एफ' या पर्यायासह चालवावी. तिच्यात प्रत्येक पार्टिशनची फाइल-पद्धत दिसते; आकार पाहण्यासाठी तीच आज्ञा 'एफ' शिवाय चालवावी. आपल्याला दोनच पार्टिशन ओळखायची आहेत: हार्ड डिस्कवरचे 'ईएक्सटी४' पद्धतीचे सुमारे १०० जीबीचे, म्हणजे मिंट, आणि एसएसडीवरचे 'व्हीफॅट' पद्धतीचे, बहुधा १०० एमबीचे, म्हणजे ईएफआय पार्टिशन. ही दोन नावे कागदावर लिहून घ्यावीत. 'एनटीएफएस' असे लिहिलेल्या कोणत्याही पार्टिशनला या कामात हात लावायचा नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करायचे नाही. विंडोजचा बूटलोडर त्याच पार्टिशनमध्ये 'मायक्रोसॉफ्ट' नावाच्या फोल्डरमध्ये आहे आणि मिंटचा त्याच्या शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये राहणार आहे. दोघांना एकच पार्टिशन पुरते. ग्रबच्या फाइलींना काही एमबीच लागतात. कराडमध्ये माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपांपैकी ज्यांचे विंडोज खरोखर नाहीसे झालेले असते, त्यांतल्या बहुतेकांत कोणीतरी हे लहान पार्टिशन निरुपयोगी समजून पुसलेले किंवा फॉरमॅट केलेले असते.

आता मिंटचे पार्टिशन 'एमएनटी' या जागी माउंट करावे. त्याच्या आतील 'बूट' मध्ये 'ईएफआय' नावाचे फोल्डर नसेल तर तयार करावे आणि ईएफआय पार्टिशन तिथे माउंट करावे. त्यानंतर लाइव्ह मिंटमधील 'डेव्ह', 'प्रोक', 'सिस' आणि 'रन' हे चार मार्ग बाइंड पद्धतीने 'एमएनटी' मध्ये जोडावेत. 'सिस' जोडताना 'आर-बाइंड' वापरावे, म्हणजे फर्मवेअरची यादी लिहिण्यासाठी लागणारा त्याखालचा मार्गही सोबत येतो. मग 'सीएचरूट' ने आत जावे. या क्षणापासून दिलेली प्रत्येक आज्ञा हार्ड डिस्कवरच्या तुमच्या मिंटमध्ये लागू होते.

आत गेल्यावर 'ॲप्ट अपडेट' करून 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४', 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड' आणि 'शिम-साइन्ड' (सिक्युअर बूटला मान्य असलेला, ग्रब उघडणारा छोटा बूटलोडर) ही तीन पॅकेजेस बसवावीत. पहिले पॅकेज बसताना लेगसीचे 'ग्रब-पीसी' काढले जाईल अशी सूचना येते. तिला होकार द्यावा. मग 'ग्रब-इन्स्टॉल' चालवावे. 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' असा संदेश आला, तर पेनड्राइव्ह लेगसीने सुरू झाला आहे किंवा 'सिस' नीट जोडलेले नाही, असे समजावे. शेवटी 'ईटीसी' मधील 'एफएसटॅब' या फाइलमध्ये ईएफआय पार्टिशनची ओळ वाढवावी, जेणेकरून पुढची अद्यतने ग्रबला योग्य जागी लिहितील. 'बीएलकेआयडी' या आज्ञेत दिसणारी यूयूआयडी तिथे वापरावी. फॅट पार्टिशनची यूयूआयडी आठच अक्षरांची असते, ती अपुरी वाटून बदलू नये.

मग 'अपडेट-ग्रब'. या वेळी त्याने 'विंडोज बूट मॅनेजर' सापडल्याचे सांगायला हवे. सांगितले नाही तर 'ईटीसी' मधील 'डिफॉल्ट' फोल्डरातील 'ग्रब' ही फाइल उघडावी. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधण्याचे काम मुळात बंद ठेवलेले असते; 'ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर' समोर 'फॉल्स' लिहिले की ते चालू होते. ह्या एका ओळीची सर्व अक्षरे मोठ्या लिपीत आणि जोडरेघेऐवजी अंडरस्कोर वापरून लिहावी, 'फॉल्स' मात्र लहान अक्षरांत.

बूट यादीत मिंटची नोंद 'उबुंटू' या नावाने येईल. मिंट उबुंटूचाच साइन केलेला ग्रब वापरते, म्हणून तसे होते. काही चुकले असे समजू नये. हे काम भावाकडूनच करून घ्यावे, फक्त प्रत्येक आज्ञेनंतर पडद्यावर काय आले ते आपण वाचून पाहावे.

मेणवली (वाई)

वरील पद्धतीत मी एवढीच भर घालतो. सिक्युअर बूट सध्या बंद आहे, ते काम पूर्ण होईपर्यंत तसेच ठेवावे आणि दोन्ही प्रणाली ग्रबमधून सुरू झाल्यावरच पुन्हा चालू करावे. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या अद्यतनाने जुन्या, असुरक्षित ठरलेल्या बूटलोडरना मज्जाव करणारी नोंद फर्मवेअरमध्ये लिहिली होती आणि तेव्हा दोन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होताना 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊ लागला. आपल्याकडे तो आला तर सिक्युअर बूट बंद करून मिंटची सर्व अद्यतने घ्यावीत, त्यांत शिम आणि ग्रब नवे होतात, आणि मग ते पुन्हा चालू करावे.

हरिपूर_संगम (सांगली)

काल रात्री भावासोबत बसून सगळे केले. दोन तास लागले, कारण पहिल्यांदा पेनड्राइव्ह पुन्हा लेगसीनेच सुरू झाला होता. फोल्डर तपासले म्हणून ते वेळीच लक्षात आले. 'अपडेट-ग्रब' ने विंडोज बूट मॅनेजर सापडल्याचे सांगितले. 'ईएफआय-बूट-एमजीआर' या आज्ञेत 'उबुंटू' ही नोंद पहिल्या क्रमांकावर दिसते.

तरीही लॅपटॉप पुन्हा सुरू केला की थेट विंडोज उघडते. बूट यादी उघडून 'उबुंटू' निवडले तर मात्र ग्रब येतो आणि त्यातून मिंट आणि विंडोज दोन्ही सुरू होतात. आज्ञेने क्रम पुन्हा बदलून पाहिला, पण एकदा विंडोज उघडून आले की तो पूर्ववत होतो. सेटअपमध्ये क्रम बदलण्याची सोय फक्त डिस्कपुरती आहे.

मेणवली (वाई)

म्हणजे मुख्य काम झाले आहे. काही लॅपटॉपांचे फर्मवेअर क्रमाच्या यादीला मान न देता विंडोजची नोंदच नेहमी पुढे घेते. माझ्या घरच्या लॅपटॉपवरही हेच होते आणि त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा: फर्मवेअरने विंडोजची नोंद उघडायची तर उघडू द्यावी, पण त्या नोंदीत फाइलचा मार्ग मिंटच्या बूटलोडरचा लिहावा.

विंडोजमध्ये प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. पॉवरशेल वापरू नये, कारण महिरपी कंसांचा अर्थ तिथे वेगळा लावला जातो आणि आज्ञा चुकते. 'बीसीडीएडिट' च्या 'सेट' या पर्यायाने महिरपी कंसातील 'बूटएमजीआर' चा 'पाथ' बदलायचा आहे: 'ईएफआय' फोल्डर, त्यात 'उबुंटू', त्यात 'शिमएक्स६४.ईएफआय'. शिमऐवजी थेट ग्रबची फाइल देऊ नये, नाहीतर सिक्युअर बूट चालू केल्यावर ती नाकारली जाईल. बदल करण्यापूर्वी त्याच आज्ञेने आजचा मार्ग पडद्यावर आणून कागदावर लिहून ठेवावा. तो 'मायक्रोसॉफ्ट' मधील 'बूट' फोल्डरातील 'बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय' असा असेल. पुढे कधी मिंट काढायचे झाले तर मिंटचे पार्टिशन पुसण्याआधी हा जुना मार्ग परत लिहावा लागेल, हे वडिलांना आणि भावालाही सांगून ठेवावे.

हरिपूर_संगम (सांगली)

झाले. लॅपटॉप सुरू केला की ग्रबची यादी येते, दहा सेकंद थांबते आणि दोन्ही प्रणाली तिथून उघडतात. सिक्युअर बूट पुन्हा चालू केले, तरीही दोन्ही चालतात. वडिलांनी आज सकाळी स्वतः यादीतून विंडोज निवडून दोन पट्ट्या काढल्या.

दोन लहान अडचणी उरल्या आहेत. मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही लिहिता येत नाही. दुसरी अधिक त्रासाची आहे: मिंट वापरून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे असते. आज सकाळी साडेदहाला काढलेल्या पट्टीवर पाच वाजल्याची वेळ छापली गेली. विंडोज इंटरनेटला जोडत नसल्यामुळे ती वेळ आपोआप सुधारत नाही.

कोयनाकाठ (कराड)

डी ड्राइव्हचे कारण विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' आहे. ते चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते, आणि त्या स्थितीतल्या ड्राइव्हवर लिहिले तर माहितीचे नुकसान होऊ शकते म्हणून मिंट तो केवळ वाचण्यापुरता उघडते. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' ला 'एच ऑफ' देऊन हायबरनेशनच बंद करावे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंद होते. मिंटमधून त्या ड्राइव्हवर लिहिण्याची सक्ती करणाऱ्या आज्ञा इंटरनेटवर सापडतील; हिशेबाच्या ड्राइव्हवर त्या वापरू नयेत.

घड्याळाचे कारण वेगळे आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात मिंट जागतिक प्रमाणवेळ लिहिते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचते, आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे तेवढाच फरक पडतो. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल' च्या 'सेट-लोकल-आरटीसी' पर्यायाला १ ही किंमत द्यावी. ही आज्ञा दिल्यावर असे करू नये अशी ताकीद दिसेल. ती मुख्यतः ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करतात तिथल्या गोंधळासाठी आहे. आपल्याकडे तशी पद्धत नसल्यामुळे इथे हा बदल करायला हरकत नाही. बदलानंतर विंडोजमध्ये वेळ एकदा हाताने नीट करावी आणि मगच पुढची पट्टी काढावी. पाच वाजल्याची वेळ छापलेली पट्टी शेतकऱ्याला दिली असेल तर ती बदलून द्यावी.

आणि सेटअपमधील लेगसी किंवा सीएसएम बंदच ठेवावे. हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या ग्रबचा कोड अजून आहे. यूईएफआयमध्ये तो कोणी वाचत नाही, पण लेगसी पुन्हा चालू झाले तर तोच आधी उघडेल, आणि त्याला हवी असलेली फाइल न सापडल्याने 'ग्रब रेस्क्यू' असा काळा पडदा येऊ शकतो. तसा पडदा दिसला तर कोणतीही आज्ञा न देता सेटअपमध्ये जाऊन आधी यूईएफआय निवडलेले आहे ना, एवढे पाहावे.

हरिपूर_संगम (सांगली)

दोन्ही बदल केले. विंडोजची वेळ मिंटमधून आल्यावरही बरोबर राहते आणि डी ड्राइव्हवर लिहिता येते. ती एक पट्टी बदलून दिली. 'बीसीडीएडिट' मधील जुना मार्ग आणि ईएफआय पार्टिशनचे नाव कागदावर लिहून तो कागद वरच्या मजल्यावर, प्रतीच्या डिस्कसोबत ठेवला आहे.